दारूबंदीवाले तात्या

तात्यांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघतोय. मागच्या महिन्यात दोन कार्यकर्ते पलूसला माझ्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी तात्यांसंगं चौदा वर्सं काढलीसा. आठशे शब्द द्या की. जरा जिव्हाळ्याचं लिवा." मी हो म्हणालो. नाही म्हणायची सवय त्या चौदा वर्षांतच मोडली होती. लिहायला बसलो आणि तिसऱ्या ओळीलाच कळलं की हे काही त्या ग्रंथात जायचं नाही. तरी लिहून टाकतो. पोटात ठेवून ठेवून आता आंबलंय.

मी मराठीचा मास्तर. निवृत्त झालो त्याच महिन्यात तात्यांचा निरोप आला, विधानसभेत बोलायचं असतं, ते लिहून द्यायला माणूस पाहिजे. तात्या म्हणजे आमच्या भागाचे आमदार. सातारा आणि सांगलीच्या हद्दीवर मेंढरांचा, माळाचा जो कोरडा पट्टा आहे, तिथले. मला ते पीए कधी म्हणाले नाहीत. गुरुजीच म्हणायचे, आणि बैठकीत कलेक्टर असो की कारखान्याचा चेअरमन, पहिली खुर्ची मला द्यायचे. अशी खुर्ची मिळत गेली की माणूस फार विचारत नाही. मीही विचारलं नाही.

माणूस दिसायला उंच, काटक. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, टोपी. पहाटे चारला उठून गार पाण्यानं अंघोळ. तंबाखू नाही, सुपारी नाही, चहा दिवसाला एकदा आणि तोही अर्धा कप. मुंबईला आमदार निवासात स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे आणि खिडकीला दोरी बांधून वाळत घालायचे. शेजारच्या खोलीतले आमदार हसायचे. तात्यांना त्याचं काही नव्हतं. एका कंत्राटदारानं घरी एसी पाठवला, तर त्याच टेम्पोतून परत पाठवला आणि टेम्पोवाल्याला जेवू घातलं. हे सगळं खरं आहे. मी शपथेवर सांगेन. लबाड माणसाबद्दल लिहायचं असतं तर मला एवढी वर्षं लागली नसती.

तात्यांचं सगळं राजकारण एका वाक्यात मावायचं. "सरकारचं पाऊल उंबऱ्याच्या भाईर." रस्ता सरकारचा, पाणी सरकारचं, वीज सरकारची. उंबऱ्याच्या आत मात्र बाप, आई, सासू, थोरला भाऊ. तिथं कायद्यानं शिरायचं नाही. या एका वाक्यावरनं ते कुठल्याही विषयावर बोलू शकायचे. शाळेत वयात येणाऱ्या पोरापोरींना शरीराची माहिती द्यायचा तास सुरू होणार होता, तात्या उभे राहिले, म्हणाले, हे आयांचं काम हाय, मास्तरांचं न्हवं. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांना आई-बापाची सही सक्तीची करा, असं ते दर अधिवेशनात मागायचे. बायकांच्या खात्यावर सरकारनं थेट पैसे टाकायला त्यांचा विरोध होता, कारण त्यानं म्हणे घरात दोन चुली होतात. आणि दारूबंदी. दारूबंदीवर तात्या बोलायला लागले की विरोधी बाकांवरचेही माना डोलवायचे. पेपरवाल्यांनी त्यांना 'दारूबंदीवाले तात्या' असंच नाव पाडलं होतं.

ही सगळी भाषणं माझी. पण तात्यांची एक खोड होती. मी वाचून दाखवायचं आणि ते डोळे मिटून ऐकणार. मधेच बोट वर करायचे. "हे काढा." काय काढू? "ज्वलंत काढा. भीषण काढा. गुरुजी, आपलं माणूस असं बोलतं व्हय?" एकेका भाषणातनं वीस-वीस विशेषणं उडवायचे. मी चौतीस वर्षं पोरांना निबंध शिकवला, पण साधं लिहायला मला शिकवलं ते सातवी पास तात्यांनी. आत्ता मी जे लिहितोय तेही त्यांच्याच हाताखाली शिकलेलं आहे, याचा मला राग येतो.

धाडस म्हणाल तर होतं. एकदा मोबाईलवर कुणीतरी कसला तरी फोटो फिरवला आणि आमच्या बाजारपेठेत मुसलमानांची दुकानं फोडायची भाषा सुरू झाली. तात्यांचे शर्ट उस्मानभाई शिवायचे. तात्या सकाळी नऊलाच पेपर घेऊन उस्मानभाईंच्या दुकानापुढच्या बाकड्यावर जाऊन बसले. दुपारी त्यांच्याच डब्यातली भाकरी खाल्ली. तीनच्या सुमारास पोरांचा घोळका आला आणि तात्यांना बघून थबकला. तात्यांनी पेपरातनं मान वर केली नाही. "काय रं, कापडं शिवायची हाईत? मग रांगंत या." पोरं परत गेली. तात्या उस्मानभाईंना म्हणाले, "भाई, बाही अर्धा इंच कमी ठेवा, मागल्या टायमाला लांब झाली." त्या दिवशी मला वाटलं, या माणसासाठी जन्मभर लिहावं.

आणि त्याच वर्षी कोरेगावच्या बाजूचं एक जोडपं आलं. लग्न करून आलेलं, पोरगी एकोणीस-वीसची, पोरगा दुसऱ्या जातीचा. पोलिसांवर भरवसा नव्हता म्हणून तात्यांच्या पायाशी आले होते, तात्या शब्दाचा पक्का माणूस म्हणून. तात्यांनी दोघांना पोटभर जेवायला घातलं. पोरीला म्हणाले, "तू माझी लेक." आणि आत जाऊन तिच्या बापाला फोन केला. बाप आला तेव्हा तात्यांनी त्याच्याकडनं, पोरीच्या अंगाला बोट लावणार नाही, अशी शपथ घेतली. बापानं शपथ पाळली, बोटसुद्धा लावलं नाही. महिन्यात तिचं दुसरीकडं लग्न लावून दिलं. तात्या लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, आणि येताना मला म्हणाले, "बघा गुरुजी, कुणाचं डोकं फुटलं न्हाई, घर मोडलं न्हाई." दोन वर्षांनी ती पोरगी मला कराडच्या स्टँडवर दिसली, कडेवर मूल होतं. तिनं मला ओळखलं आणि ती खांबाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. मी गाडीची पाटी वाचत बसलो.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला पाहिजे होतो. झालो नाही.

सोनजाई खुर्द नावाची आमच्या मतदारसंघात एक वाडी आहे. बहुतेक घरं धनगरांची. पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी शेती, थोडी मजुरी. तिथल्या फाट्यावर, एसटी थांबते तिथंच, देशी दारूचं सरकारमान्य दुकान. वाडीतली कमल शाळेत खिचडी शिजवायची. तिचा नवरा मारुती ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पिऊन पिऊन त्याचं पोट फुगलं होतं. कराडच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, आता पुन्हा प्याला तर वर्ष काढणार नाही.

एका सोमवारी कमल कागदांचा गठ्ठा घेऊन तात्यांच्या बैठकीला आली. संगं तिची सासू अनुसयाबाई. कमलनं मारुतीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "आवं तात्या, त्यो सोता म्हनतोय, दुकान डोळ्याम्होरं दिसलं की पाय आपोआप वळत्यात. त्ये बंद कर, मी सुटतो. आता मानूसच असं म्हनतंय, तर मी काय करू? आमी आडवी बाटली करनार."

आडवी बाटली म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावातल्या बायकांनी अर्ज केला की सरकार मतदान घेतं, मत फक्त बायकांनी द्यायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या एकूण बाया मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. खरी मेख इथं आहे. आलेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीत जेवढ्या बाया आहेत त्यांच्या निम्म्या लागतात. जी बाई घरी राहिली, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं पडतं.

अर्जाला बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन झाले होते. उत्पादन शुल्कच्या साहेबांनी गावात येऊन त्याची पडताळणीही केली होती, म्हणजे एकेकीला पुढ्यात बसवून पुन्हा सही, पुन्हा अंगठा. अर्जावर पहिला अंगठा अनुसयाबाईंचा. लेकाच्या जिवाचा प्रश्न होता, पहिला मान तिचाच. मतदानाची तारीख लागली होती, रविवार. कमलला तात्यांकडनं काही नको होतं. "आदल्या दिवशी या आन बायास्नी दोन शब्द सांगा. तुमचं आईकत्यात समदी." तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरी, तुझ्यासारख्या घरोघरी पायजेत." मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांतलं एक तरी भाषण कुणाच्या कामाला आलं.

त्या दोघी गेल्यावर तात्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, दारू वाईटच. पण ती बापानं सोडवावी, भावानं सोडवावी, गावानं पंगतीत बसून सोडवावी. बायका चिठ्ठ्या टाकून गड्यांचं ठरवाय लागल्या, तर आज बाटली, उद्या आनी काय. घर उभं चिरतंय अशानं."

"पण तात्या, विधानसभेत आपण..."

"ते सरकारला सांगितलंय. सुनांस्नी न्हाई."

तात्यांची दरवर्षी बायकांसाठी देवदर्शनाची सहल असायची. तुळजापूर, अक्कलकोट, दोन मुक्काम, जेवणखाण तात्यांचं. पाळीपाळीनं एकेक गाव. यादी मी करायचो. दोन दिवसांनी तात्या म्हणाले, "यंदा सोनजाई खुर्द घ्या. शनिवारी निघायचं, सोमवारी परत. सासवा-म्हाताऱ्या घ्या, त्यास्नी कोन न्हेतंय."

मी म्हणालो, "तात्या, रविवारी तिथं मतदान आहे."

"मला ठावं हाय," तात्या म्हणाले आणि पेपर उघडला.

बस, एवढंच. धमकी नाही, आरडाओरडा नाही. मी टेबलाशी बसलो आणि मतदार यादीवरनं साठीच्या पुढच्या बायांची नावं उतरवून काढली. माझं अक्षर चांगलं आहे. मग घरोघरी फोन लावले. म्हाताऱ्यांचा आनंद फोनमधनं कळत होता. अनुसयाबाईंनी मात्र विचारलं. "गुरुजी, त्या दिशी मत-बित तर न्हाई न्हवं? आमची कमळ कायतरी म्हनत हुती." आणि पुढं आपणच म्हणाल्या, "मी तर दोनदा आंगठा दिलाय. आजून लागतोय व्हय?"

मला तिथंच कळलं. अर्जावरचा अंगठा आणि पडताळणीचा अंगठा, त्या म्हातारीला वाटत होतं की हेच मत. आयुष्यभर तिनं सरकारला अंगठाच दिलेला. तिसऱ्यांदा पुन्हा बोलावतील हे तिच्या ध्यानातही येणारं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. आजी, ते मत नव्हे, रविवारी थांबा. मी म्हणालो, "तुमचा अंगठा झालाय की."

"मग येतो," त्या म्हणाल्या. "आईला साकडं घालायचंय. पोरगं दारूतनं सुटू दे म्हनून."

शनिवारी सकाळीच दोन गाड्या वाडीत लागल्या. कमल त्या वेळी तहसीलला होती, मतदानाचे कागद घ्यायला. ती परत आली तोवर गाड्या निघून गेल्या होत्या. दोन शब्द सांगायला तात्या काही गेले नाहीत. रविवारी शाळेत मतदान झालं. कमल सकाळपासनं घरोघरी पळत होती, बाळंतिणीला खाटेवरनं उठवून आणलं म्हणे. संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली नऊ मतांनी कमी पडली. गाड्यांतनं गेलेल्या ऐंशीच्या वर होत्या.

दुसऱ्या दिवशी तो दुकानवाला पेढे घेऊन तात्यांकडं आला. तात्यांनी त्याला पायरीही चढू दिली नाही. "तुझं त्वांड बघायचं न्हाई मला. हो म्होरं." आणि खरंच, त्याचा एक रुपया तात्यांनी कधी घेतला नाही. मी मुद्दाम खणून बघितलंय. काहीतरी सापडावं असं मला फार वाटत होतं. पैसे खाऊन केलं असतं तर मी त्यांना चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. तात्यांनी ते निव्वळ तत्त्वानं केलं होतं, आणि तत्त्वानं केल्यामुळं त्यांना त्या रात्रीही शांत झोप लागली असणार. मला लागली नाही, पण म्हणून मी काही वेगळं केलं असंही नाही. दुसऱ्या दिवशी दहाला कामावर हजर.

लगेच पुन्हा मतदान मागता येत नाही, कायदाच तसा. मारुती चार-पाच महिने टिकला. मुकादमानं त्याला फाटा टाळून दुसऱ्या वाटेनं जायचं काम दिलं होतं, म्हणे. मग कारखान्याचं गाळप संपलं, काम संपलं, आणि तो पुन्हा फाट्यावर दिसायला लागला. उन्हाळ्यात गेला. अठ्ठेचाळीस वय.

आमच्याकडं दहाव्याला ओढ्याकाठी विधी झाले की माइक लावतात आणि पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. तात्या दहावा चुकवायचे नाहीत. मी म्हणालो, माझी तब्येत बरी नाही. तात्या म्हणाले, "चला गुरुजी, जवळचं घर हाय." भाषण मी गाडीतच लिहिलं. तात्यांनी त्यातनं फक्त एक शब्द काढला.

गडी एका अंगाला, बाया एका अंगाला बसल्या होत्या. तात्या माइकपुढं उभे राहिले, टोपी काढली. व्यसनानं आणखी एक कर्ता गडी नेला, म्हणाले. घराघरांतल्या थोरांनी आता जागं व्हावं, म्हणाले. बोलता बोलता त्यांनी टोपीनं डोळे पुसले. ते नाटक नव्हतं, तात्यांना नाटक जमायचंच नाही. दोन-तीन म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायला लागल्या.

तेवढ्यात अनुसयाबाई उठल्या. आवाज चढलेला नव्हता. एखाद्या ऑफिसात चौकशी करावी तसं म्हणाल्या, "तात्या, एक इचारू? आमी समद्या बायांनी आंगठं दिलं हुतं. मग दुकान का वं न्हाई बंद झालं?"

मी कमलकडं बघितलं. एवढे महिने झाले तरी तिनं म्हातारीला सांगितलंच नव्हतं. लेक गेलेल्या बाईला काय सांगायचं, की तू देवाला गेलीस म्हणून नऊ मतं कमी पडली? ती सासूशी तेव्हापासनं धड बोलत नव्हती, हे मला मागाहून कळलं. पण सांगितलं नाही.

तात्या म्हणाले, "आई, देवाच्या मनात असंल तसं हुतंय."

"देवाचं न्हवं," म्हातारी म्हणाली. "कागदाचं इचारतीया. गुरुजी म्हनलं हुतं फोनवर, तुमचा आंगठा झालाय म्हनून. व्हय की न्हाई वं गुरुजी?"

सगळा ओढाकाठ माझ्याकडं बघायला लागला. कमलनं सासूचा दंड धरला होता. तिची मान सावकाश माझ्याकडं वळली. तिला हे ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं, गुरुजी?"

मी म्हातारीकडं बघितलं आणि म्हणालो, "झाला होता, आजी. तुमच्याकडनं काही राहिलं नव्हतं. सरकारचंच काम तसलं."

"बघा," अनुसयाबाई सगळ्यांना म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचा चेहरा जरा हलका झाला होता. कमल उभीच होती. तिनं माझ्यावरनं नजर काढली नाही, आणि मला काही तिच्याकडं बघवलं नाही.

गाडीत तात्या बाहेर बघत होते. माळावर कुठंकुठं मेंढरं बसलेली. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं केलंसा, गुरुजी," ते म्हणाले. "म्हातारीचा जीव निवला. सासू-सुनंचं घर मोडलं असतं आज."

मी मान हलवली. त्यानंतर आणखी दोन वर्षं मी त्यांची भाषणं लिहीत होतो.